खोलायचं कुठून?

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ माझ्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे एका ट्रेलरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं होतं. बोरघाट चढताना पाणी कमी झालं, काटा लाल रेषेत गेलेला ड्रायव्हरने पाहिला, तरी ‘माथ्यापर्यंत रेटू’ म्हणत त्याने गाडी रेटली आणि हेडखालचं गॅस्केट उडालं. सहा सिलिंडरचं ते हेड चेनपुलीला लटकत होतं आणि तिथले फोरमन मामा चिंधीने लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, कड पुसत होते. मी सहज म्हणालो, “मामा, ज्याला हेडच नाही असंही डिझेल इंजिन असतं.” आणि तिथल्याच एका पुठ्ठ्यावर खडूने काढून दाखवलं. एक लांब सिलिंडर. त्यात समोरासमोर दोन पिस्टन. दोघे एकमेकांकडे धावतात, मधल्या हवेचा दाब वाढतो, तिथेच डिझेलचा फवारा उडतो आणि दोघे दोन बाजूंना फेकले जातात. सिलिंडरच्या एका टोकाला हवा आत यायची छिद्रं, दुसऱ्या टोकाला धूर बाहेर जायची.

मामांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. “हेड नाही म्हणजे गॅस्केट नाही. व्हॉल्व नाहीत म्हणजे टॅपेटची भानगड नाही. झकास. पण साहेब, ऑईल किती खातं? आणि खोलायचं कुठून?”

या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणात नसतात. आणि नेमकी तीच नसल्यामुळे गेल्या सत्तर वर्षांत कितीतरी हुशार इंजिनं रस्त्यावर येऊन मेली किंवा रस्त्यावर आलीच नाहीत.

2010 साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या इकोमोटर्स नावाच्या कंपनीचा बराच गाजावाजा झाला. तिचा मुख्य माणूस पीटर हॉफबाउर. फोक्सवॅगनमध्ये डिझेल इंजिनांवर काम केलेला, म्हणजे हवेत इमले बांधणारा गडी नव्हे. पैसे घालणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला आणि खुद्द बिल गेट्स. त्या वर्षीच्या फेरीत 2 कोटी 35 लाख डॉलर उभे राहिले. इंजिन होतं मामांच्या पुठ्ठ्यावरच्यासारखंच टू-स्ट्रोक, फक्त दुहेरी: दोन सिलिंडर, चार पिस्टन, मधोमध एकच क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा. सोबतीला वीजमोटर बसवलेला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून हवा आत कोंबणारा पंखा. दावा असा की वजन 134 किलो आणि ताकद 325 अश्वशक्ती. तेवढ्याच ताकदीचं ट्रकचं नेहमीचं सहा सिलिंडरी टर्बो डिझेल पाचशे किलोच्या आसपास भरतं. पुढच्या वर्षी नेव्हिस्टारसारख्या ट्रक कंपनीशी करार झाला, चीनमध्ये कारखान्याची घोषणा झाली. पण त्या इंजिनाचा एकही ट्रक बाजारात विकायला आला नाही.

अशा वेळी दोन ठरावीक सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मोठ्या कंपन्यांनी चांगली कल्पना दाबली. दुसरा म्हणतो, टू-स्ट्रोक म्हणजे धूर, ते चालणारच नव्हतं. मला दोन्ही आळशी वाटतात.

आधी दुसऱ्याचा समाचार घेऊ, कारण आपल्याकडे तोच जास्त चालतो. आपल्या पिढीला टू-स्ट्रोक म्हटलं की जुनी स्कूटर, आरएक्स 100 आणि रिक्षामागचा निळा धूर आठवतो. पेट्रोल भरलं की पंपावरचा पोऱ्या मापाने वरून ऑईल ओतायचा. त्या इंजिनात पेट्रोल आणि हवा आधीच मिसळून आत यायची, आणि जळलेला वायू बाहेर ढकलताना त्यातलं थोडं ताजं पेट्रोलही न जळताच सायलेन्सरवाटे निघून जायचं. डिझेल टू-स्ट्रोकमध्ये आत येते ती नुसती हवा. इंधन नंतर, छिद्रं बंद झाल्यावर फवारलं जातं. म्हणजे वाया गेलीच तर हवा जाते. दोन्हींना एकाच नावाने ओळखतो म्हणून दोन्हींना एकाच तराजूत तोलू नये.

आणि कल्पनेत दम आहे, हे मान्य करायला हवं. चार स्ट्रोकचं इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा जोर मारतं, हे दर फेरीला मारतं. ताकद दुप्पट होत नाही, कारण छिद्रांपाशी धावेचा काही भाग फुकट जातो आणि हवा ढकलायलाही ताकद लागते. तरी दीडपटीच्या आसपास फायदा उरतो. पण खरी मेख हेडमध्ये आहे. नेहमीच्या इंजिनात जळण्याच्या उष्णतेचा मोठा वाटा हेड आणि व्हॉल्वमधून पाण्यात जातो आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडला जातो. डिझेल आपण त्याचंही भरतो. समोरासमोरच्या पिस्टनांत हेडच नाही, त्यामुळे तेवढ्याच वायूला गार भिंत कमी लागते. उष्णता पाण्यात कमी जाते, पिस्टन ढकलायला जास्त उरते. इंधन वाचतं ते इथे.

आता मापाकडे येऊ. नव्या इंजिनाची जाहिरात नेहमी ‘लिटरमागे किती, किलोमागे किती’ या दोन आकड्यांवर होते. याचं एक उदाहरण आपल्या सीमेवरच उभं आहे. आपल्या टी-90 रणगाड्यात रशियन व्ही-92 जातीचं, बारा सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं टर्बो डिझेल आहे: जवळजवळ 39 लिटर, 1000 अश्वशक्ती, वजन सुमारे 1020 किलो. पाकिस्तानच्या अल-खालिदमध्ये युक्रेनमधल्या खारकीव्हचं 6टीडी-2: सहा सिलिंडर, बारा पिस्टन समोरासमोर, टू-स्ट्रोक, सुमारे 16 लिटर, 1200 अश्वशक्ती, वजन सुमारे 1180 किलो. लिटरमागे पाहिलं तर खारकीव्हचं इंजिन जवळजवळ तिप्पट ताकदवान. किलोमागे पाहिलं तर? दोन्हीकडे किलोला एकच अश्वशक्ती, साधारण. तिप्पटीचा चमत्कार वजनकाट्यावर चढवला की बरोबरीत सुटतो, कारण लिटर ही सिलिंडरमधल्या पोकळीची मोजणी आहे, लोखंडाची नाही. जे इंजिन दर फेरीला जोर मारतं ते पोकळी कमी वापरणारच. दोन क्रँक, त्यांना जोडणारे गिअर, हवा भरणारा कॉम्प्रेसर यांचं वजन मात्र चुकत नाही.

मग खारकीव्हवाल्यांनी उगाच इतका खटाटोप केला का? नाही. ते इंजिन आडवं आणि बुटकं आहे. रणगाड्यात उंची म्हणजे चिलखत, आणि चिलखत म्हणजे टन. तिथे इंजिन बुटकं असण्याला खरी किंमत आहे. पण 55 टनांच्या ट्रेलरमध्ये इंजिन साडेतीनशे किलोंनी हलकं झालं, तर एकूण वजनात फरक पडतो एक टक्क्याहूनही कमी. त्या ट्रेलरच्या मालकाला विचारा, तो वजन विचारणार नाही. अ‍ॅव्हरेज विचारेल, आणि रस्त्यात बंद पडलं तर किती दिवस उभं राहील ते. 134 किलोंचा आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. तो चुकीच्या गिऱ्हाइकाला दाखवला गेला.

मामांचा पहिला प्रश्न: ऑईल किती खातं? इथे टू-स्ट्रोकचं खरं दुखणं आहे, आणि ते धूर दिसण्याआधी सुरू होतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांवरून वरखाली सरकतात. भिंतीला तेल हवं, नाहीतर रिंगा चिकटतील. पण तेल जास्त झालं तर ते छिद्रांतून धुरासोबत बाहेर जातं, पुढच्या फिल्टरमध्ये राख होऊन बसतं. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनची गोष्ट आणखी नाजूक. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा पिस्टनवरचा दाब सुटतो, पिन क्षणभर दुसऱ्या बाजूला झुकते आणि तेवढ्यात बुशमध्ये तेल शिरतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनवर सतत वरूनच दाब. पिन उचललीच जात नाही, तेल शिरायला फटच मिळत नाही. यावर उपाय आहेत, पिनला वेगळा आकार देऊन ती डुलेल अशी करतात. पण उपाय कागदावर असणं वेगळं आणि नांदेडच्या मिस्त्रीला तो बुश मिळणं वेगळं.

हे आपण एकदा भोगलेलं आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर विजयंता दिसेल. आवडीच्या कारखान्यात बनलेला, आपल्या लष्कराचा कणा राहिलेला रणगाडा. त्याच्या पोटात लेलँडचं एल-60 होतं: समोरासमोर पिस्टन, टू-स्ट्रोक. पश्चिमी देशांच्या लष्करांनी त्या काळात ठरवलं होतं की रणगाडा कुठल्याही इंधनावर चालला पाहिजे, आणि जर्मनांच्या जुन्या युंकर्स विमान-डिझेलच्या धाटणीवर ब्रिटिशांनी हे इंजिन बेतलं. ब्रिटनच्या स्वतःच्या चीफटन रणगाड्यात याच इंजिनाने नाकी नऊ आणले. लायनरच्या सीलमधून पाणी गळायचं, पंख्याची ड्राइव्ह जायची, ठरलेली ताकद मिळायला वर्षं गेली. विजयंता चीफटनपेक्षा हलका होता आणि त्याच्या इंजिनाकडून ताकदही कमी, 535 अश्वशक्तीच मागितली होती. पण पुढे आपण टी-72 घेतला तेव्हा चार स्ट्रोकच्या, जाडजूड, साध्या व्ही-12 कडे आलो आणि चार स्ट्रोक पुन्हा सोडला नाही.

रेल्वेची गोष्ट मात्र उलटी सुरू होते, आणि मला ती जास्त आवडते. आपल्या रेल्वेने दोन्ही जाती दशकानुदशकं शेजारी शेजारी चालवल्या. 1962 पासून आलेले अल्कोचे डब्ल्यूडीएम-2 लोको: चार स्ट्रोक, टर्बो, 2600 अश्वशक्ती. स्टेशनवरून गाडी हलताना आकाशात जाणारा काळा लोट अनेकांच्या लहानपणाचा भाग आहे. तो लोट म्हणजे टर्बो जागा व्हायच्या आत ओतलेलं डिझेल. मग 1999 पासून जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचे डब्ल्यूडीजी-4 आले आणि पुढे ते वाराणसीला बनू लागले: 16 सिलिंडर, टू-स्ट्रोक, 4000 अश्वशक्ती. टू-स्ट्रोकला स्वतःहून श्वास घेता येत नाही. पहिल्या फेरीपासून कुणाला तरी हवा ढकलावी लागते. ईएमडीने टर्बोलाच गिअर लावून क्रँकवरून फिरवलं. धुरात जोर आला की क्लच सुटतो आणि टर्बो स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्यामुळे सुरुवातीचा तो लोट बराच कमी. जुन्या अल्कोपेक्षा हे लोको देखभालीलाही सोपे ठरले. टू-स्ट्रोक म्हणजे कमअस्सल, हे ज्याला म्हणायचं असेल त्याने आधी डिझेल शेडमध्ये विचारून यावं.

आणि तरीही ते हरलं. अमेरिकेत 2015 पासून लोकोंसाठी टिअर 4 नावाची धुराची मर्यादा आली. नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी, दोन्ही एकदम खाली आणायचे. प्रतिस्पर्धी जीईने, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकने, चार स्ट्रोकच्या इंजिनात धुराचा काही भाग परत आत फिरवून मर्यादा गाठली. ईएमडीने आपलं अनेक दशकांचं टू-स्ट्रोक घराणं बाजूला ठेवलं आणि नव्या लोकोसाठी बारा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन काढलं. त्याच वर्षी भारतीय रेल्वेने हजार डिझेल लोकोंचं कंत्राट जीईला दिलं, आणि बिहारच्या मढौऱ्यात चार स्ट्रोकचे लोको बनू लागले. हायवेवर हेच त्याआधी झालं होतं. डेट्रॉइट डिझेलची 71 मालिका 1938 पासून अमेरिकेच्या बसा, ट्रक, बोटी ओढत होती. नव्वदच्या दशकात धुराच्या नियमांपुढे तिने रस्ता सोडला.

कुणी लगेच जहाजांचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. जगातली सगळ्यात काटकसरी डिझेलं टू-स्ट्रोकच आहेत. 2006 सालच्या एमा मर्स्क या कंटेनर जहाजाचं 14 सिलिंडरचं इंजिन एक लाख अश्वशक्तीच्या वर जातं आणि इंधनातली जवळजवळ निम्मी ऊर्जा पंख्यापर्यंत पोचवतं. मुंबईतल्या कितीतरी घरांत असा एखादा मरीन इंजिनिअर असतो जो ट्रकच्या इंजिनाला ‘खेळणं’ म्हणतो. त्याचं बरोबर आहे, त्याच्या जागेवरून. ते इंजिन मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आठवडाभर एकाच लोडवर. सिलिंडरला वेगळं तेल, क्रँकला वेगळं. तेलाचा हिशोब ठेवायला माणूस हजर. ट्रकला यातलं काहीच मिळत नाही. तो सिग्नलला थांबतो, घाट चढतो, उतरताना इंजिन ब्रेकवर येतो, टोलच्या रांगेत अर्धा तास खुरडत जातो. टू-स्ट्रोक आणि चार स्ट्रोकचं टर्बो डिझेल यांतला निकाल बराचसा इंजिनात लागत नाही, ते काय काम करणार यावर लागतो.

समोरच्याला थांबलेला समजणं ही नव्या शोधकांची जुनी खोड. 2010 मध्ये ज्या टर्बो डिझेलशी तुलना करून आकडे छापले, ते टर्बो डिझेल तसंच राहिलं नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या वेइचाई कंपनीने चार स्ट्रोकच्या ट्रक इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर गेल्याचं जाहीर केलं. तपासणीच्या बेंचवरचा आकडा, रस्त्यावरचा नव्हे. पण जहाजाच्या राक्षसांच्या पंक्तीला ट्रकचं इंजिन जाऊन बसलं. आणि 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 हे धुराचे नियम आल्यावर ट्रकचा खर्च आणि कटकट इंजिनातून उतरून सायलेन्सरच्या पेटीत गेली. काजळीचा फिल्टर, युरियाची टाकी, सेन्सर, वायरिंग. एका ड्रायव्हरने मला सांगितलं, “साहेब, पूर्वी गाडी गरम व्हायची, आता रुसते.” फिल्टर भरला की दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो, मग रस्त्याकडेला उभं राहून तो जाळून साफ करायचा. नव्या टू-स्ट्रोकलाही ही पेटी चुकत नाही. उलट ताज्या हवेने धूर पातळ आणि गार झाला, तर युरियाच्या मदतीने नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा कॅटॅलिस्ट आळशी होतो. 134 किलोंच्या इंजिनामागे ती पेटी लावून मग वजन सांगा, एवढंच म्हणणं आहे.

इतकं सगळं म्हटल्यावर मी या इंजिनाच्या विरोधात आहे असं वाटेल. नाही. मी विरोधात आहे तो ते तपासण्याच्या पद्धतीच्या.

सॅन दिएगोतल्या अ‍ॅकॅटीज पॉवर या कंपनीने 2004 पासून हाच समोरासमोर पिस्टनांचा धागा चिकाटीने धरला. तीन सिलिंडर, सहा पिस्टन, 10.6 लिटर. ट्रकमध्ये बसवून ते वॉलमार्टच्या ताफ्यात कॅलिफोर्नियात खरा माल वाहायला लावलं, आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, म्हणजे लोकांचा, पैसा होता. लक्ष्य होतं नायट्रोजन ऑक्साइड 2010 च्या अमेरिकी मर्यादेच्या एक दशांशावर आणण्याचं. कंपनीचा दावा असा की सिलिंडरमधला थोडा जळका वायू मुद्दाम मागे ठेवून धूर गरम राखता येतो, म्हणजे गार कॅटॅलिस्टची माझी वरची तक्रार तिथे उलटते. शिवाय दहा टक्क्यांच्या आसपास इंधन वाचतं. मला यातल्या टक्क्यांपेक्षा रीत महत्त्वाची वाटते. सार्वजनिक पैसा, दुसऱ्याचा ताफा, खरा माल. गंमत म्हणजे त्याच मंडळाने 2020 मध्ये ट्रक कंपन्यांना विजेवरचे ट्रक विकायची सक्ती करणारा नियम मंजूर केला. एका हाताने इंजिनाला पैसे, दुसऱ्या हाताने त्याला मुदत.

आपल्याकडे पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, 1966 पासून. इंजिनं तपासायचं ज्ञान, बेंच, माणसं, सगळं आहे. पण तिथे इंजिन जातं ते बहुतेक प्रमाणपत्रासाठी. मर्यादेच्या आत आहे की नाही, एवढंच. ते लाखो किलोमीटरनंतर कसं असेल हे कुणी सांगत नाही आणि ट्रकमालक कर्ज काढून ते स्वतःच्या पैशाने शोधतो. माझं म्हणणं असं की, इंधन वाचवणाऱ्या नव्या इंजिनाला, मग ते टू-स्ट्रोक असो, हायड्रोजनवरचं असो की काहीही, सरकारने अनुदान द्यायचंच असेल तर ते एकाच अटीवर द्यावं. दहा गाड्या, दोन वर्षं, शेजारी दहा साध्या टर्बो डिझेलच्या. उरणच्या बंदरातून कंटेनर उचलायचा, कसारा चढायचा, पावसाळ्यात, मे महिन्यात. डिझेल किती, युरिया किती, इंजिन ऑईल वरून किती घातलं, किती दिवस गाडी उभी राहिली, कुठला भाग किती दिवसांनी आला. आणि हे सगळं छापायचं, हरलं तरी.

‘आता विजेचा जमाना आहे, डिझेलवर पैसा कशाला?’ असं कुणी म्हणेल. शहरातली बस विजेवर गेली तर मला आनंदच आहे. पण रुग्णालयाच्या मागच्या अंगणातला, मोबाईल टॉवरखालचा, शीतगृहातला जनरेटर उद्या सकाळी जाणार नाही. आणि माझ्या मते समोरासमोरच्या टू-स्ट्रोकची आपल्याकडची खरी जागा तीच आहे, ट्रक नव्हे. जनरेटर मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालतो. घाट नाही, सिग्नल नाही. 1 जुलै 2023 पासून त्यालाही नवे कडक नियम लागले आहेत, म्हणजे सगळ्यांनाच नव्याने डोकं लढवावं लागतंय. अमेरिकेत फेअरबँक्स-मोर्सची समोरासमोर पिस्टनांची इंजिनं दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांत होती, आणि अणुवीज केंद्रांत आणीबाणीच्या जनरेटरला तीच जात बसवलेली आहे. जिथे बंद पडून चालणारच नाही अशा ठिकाणी. ट्रकच्या बाजारात सारखं आपटणारं इंजिन तिथे इतकी वर्षं टिकलं, याकडे नव्या कंपन्या का पाहत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही. बहुधा ट्रकचा बाजार मोठा दिसतो म्हणून.

मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. दोन क्रँकच्या इंजिनात दोन्ही टोकं सोडवावी लागतात, तेव्हा कुठे लायनर निघतो. पुन्हा जोडताना दोन्ही क्रँकचा मेळ अंशाने चुकला तर हवा आणि धुराचा सगळा हिशोब बिघडतो. नंतर फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे दोन दिवसांचं काम आठवड्यावर.” मग थोडं थांबून, “पण हेडच नाही म्हणजे घाटात गॅस्केट उडणार नाही, हेही खरं.” आणि मला मी सोबत आणलेला तो पुठ्ठा परत पाठवायला सांगितला, पोरांना दाखवायला.